दुकानात चालतं, घरी चालत नाही

ढोकीच्या स्टँडसमोर माझं दुकान आहे. आधी रेडिओ दुरुस्त केले, मग टेप, मग टीव्ही, आता लॅपटॉप. चाळीस वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे: वस्तू खोटं बोलत नाही, गिऱ्हाईक बोलतं. "काहीच केलं न्हाय हो, आपोआप बंद पडलं" असं सांगत येतात आणि खोलून बघावं तर आत अर्धा कप चहा. म्हणून मी गिऱ्हाइकाला फार बोलू देत नाही. बिघाड काय तेवढा सांगा, बाकीचं रामायण नको. तशी पाटीच लावणार होतो, पण 'रामायण नको' असं लिहायला पेंटर तयार होईना.

शेजारी शरणप्पाची चहाची टपरी. ग्लास विसळलेलं पाणी तो अकरा वर्षं माझ्या भिंतीच्या बुडाशी फेकत आला आहे. अकरा वर्षं मी भांडत आलो आहे. "पानी हाय सर, कुठं तरी जाणारच," एवढंच तो म्हणतो आणि पुढचा ग्लास विसळतो. शेवटी यंदा मी ग्रामपंचायतीत अर्ज टाकला, तेव्हा त्यानं तीस फूट पाईप आणला. पाणी त्यातून थेट गटारात सोडायचं ठरलं. पाईप टपरीमागं पडून होता. मी येता-जाता त्याच्याकडं बघून घेत होतो, कारण अकरा वर्षांनी माणूस जिंकला तर त्यानं बघावं की नाही?

मे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दैवशाला नावाची बाई लॅपटॉप घेऊन आली. तिशीची असेल. तेरहून एसटीनं आली होती, डोक्यावर पदर, पाठीला कंपनीची काळी बॅग.

"सर, बाण उडतोय," ती म्हणाली. "डावं बटण दाबून धरलं तरी मधीच सुटतंय."

बाण म्हणजे कर्सर. टचपॅडवर बोट फिरवलं की स्क्रीनवर फिरतो तो. मी विचारलं, लॅपटॉपवर करता काय? तिनं सांगितलं ते मी दोनदा ऐकलं. कुठल्या तरी देशात बिनड्रायव्हरच्या मोटारी चालणार आहेत. त्या मोटारींना समोर काय आहे ते ओळखता यावं म्हणून रस्त्यांचे फोटो येतात, आणि फोटोतल्या प्रत्येक गाडीभोवती, माणसाभोवती, जनावराभोवती चौकट आखून नाव द्यायचं. बटण दाबायचं, दाबून ओढायचं, सोडायचं. दिवसाला शंभर फोटो. म्हणजे तिकडच्या मोटारीला पुढं मेंढी आहे की शेळी हे तेरच्या बाईनं शिकवायचं. घरात चाळीस मेंढरं, नवरा गोरोबा ती घेऊन उन्हाळाभर चाऱ्यामागं फिरतीवर, त्यामुळं शिकवणारी तरी अस्सल होती.

"माउस लावा. दोन मिनिटांचं काम," मी म्हणालो.

"कंपनीनं बाकीची भोकं बंद केलीत, सर. फोटो चोरीला जाऊ नयेत म्हणून. माउस चालतच न्हाय."

मी लॅपटॉप उलटा करून बघितला. खाली कंपनीचं सील. खोललं तर नोकरी जाईल, असं बारीक अक्षरात लिहिलेलं. म्हणजे माझे हात बांधलेले. मग मी बाहेरून करण्यासारखं होतं ते सगळं केलं. ब्लोअरनं हवा मारली तर बटणाच्या फटीतून ज्वारीचं कुसळ निघालं आणि लोकरीचा एक केस. टचपॅडची सेटिंगं बघितली, चार्जर लावला, स्क्रीनवर एक चौकट आखली. फुटपट्टीनं आखावी तशी सरळ आली. दुसरी आखली. तिसरी तिला आखायला लावली. तीही सरळ.

"झालं. कुसळ अडकलं होतं."

"सर, एक सांगू का? चार्जर काढला की जरा बरं—"

"बॅटरी किती टिकते?"

"वीस मिनिटं. कंपनीला कळवलंय. विनंती नोंदवली म्हणत्यात."

"मग चार्जर कशाला काढता? लावूनच वापरा," मी म्हणालो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळलो.

सोमवारी ती परत आली. घरी नेल्याबरोबर बाण उडायला लागला होता. मी चार्जर लावला. माझ्यापुढं बाण शहाण्यासारखा चालला. बुधवारी तिसऱ्यांदा आली, तेव्हाही तेच. दुकानात चालतं, घरी चालत नाही. आता, आमच्या धंद्यात या आजाराला एकच निदान असतं: नाचता येईना अंगण वाकडं. त्या दिवशी ऊनही फार होतं, पंखा बंद होता. मी बोलून गेलो.

"ताई, दोष लॅपटॉपचा नाही. तुमच्या बोटांचा आहे. हे काही मेंढरं राखायचं काम नाही."

तिनं बॅगेची चेन लावली. मग म्हणाली, "मेंढरू बी एका हातानं धरावं लागतं, सर. लोकर कातरताना मधीच सोडलं तर पळतंय. मी आजवर एक सोडलेलं न्हाय. मी सोडत न्हाय, हे सुटतंय."

मग तिनं सगळं सांगितलं, आणि या खेपेला मी ऐकून घेतलं. आधी तिच्या अठ्ठ्याण्णव टक्के चौकटी बरोबर यायच्या. आता एक्याण्णव. पुण्याहून कंपनीच्या शिवानी मॅडमचा फोन आला होता. शनिवारी दुपारी शेवटची चाचणी, दोनशे फोटो एका बैठकीत. पंच्याण्णवच्या खाली आली तर आयडी बंद. लॉगिन घरच्या नोंदवलेल्या जागेवरूनच होतं, त्यामुळं ढोकीत येऊन काम करायचीही सोय नाही. बारावीनंतर लग्न, मग बाहेरून बी.ए., मग नऊ वर्षं मेंढरांमागं चालणं. ही पहिली नोकरी.

"गेली तर परत कोण देणार हाय मला?" ती म्हणाली. रडली नाही, नुसतं विचारलं.

मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडतो. "उद्या घरी येतो. ढोकीत बसून तेरचा लॅपटॉप दुरुस्त करायचा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे," असं तिच्यावरच ओरडलो.

गुरुवारी सकाळच्या एसटीनं तेरला उतरलो. गावाच्या कडेला दोन खोल्यांचं घर, पुढं अंगण, अंगणात चार कोकरं. दारात तिची सासू अयोध्याबाई उभी होती. सत्तरीची, काटक, नाकात मोठी नथनी.

"ह्येच व्हय मिस्तरी?" तिनं सुनेला विचारलं.

मला मिस्त्री म्हटलेलं आवडत नाही. मी तसं सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. "मिस्तरी, आदी बाथरूम बघा."

मी म्हटलं, मी लॅपटॉपसाठी आलो आहे. ते बाथरूमनंतर, असं तिनं सांगितलं. या घरात कुणीही आलं, पोस्टमन आला तरी, आधी बाथरूम बघावं लागतं, असं दैवशालानं मागून हळूच म्हटलं. म्हणून मी बघितलं. अंगणाच्या कोपऱ्यात नवं, गुलाबी फरशीचं, निळ्या पत्र्याच्या दाराचं. अयोध्याबाईनं आत जाऊन कडी लावून दाखवली, मग आतून विचारलं, "दिसती का मी?" मी नाही म्हणालो. ती कडी काढून बाहेर आली.

"परकरी पोरगी हुते तवापासनं कोंबडा आरवायच्या आत आंघुळीचं उरकलं, मिस्तरी. लुगड्याचा आडोसा करून. गडबडीत पाठ चोळायची ऱ्हाऊन जायची. आता पाडव्यापासनं ऊन वर आल्यावर जाते. कडी लावून. सुनेच्या पैल्या कमाईतनं बांदलंय. ती फोटूवर रेगा मारती त्याचं पैसं देत्यात म्हणं. म्या म्हनलं, देऊ द्या बाबा."

मग आम्ही आत गेलो. दैवशाला शहाबादी फरशीवर मांडी घालून बसली, लॅपटॉप पुढं लोखंडी पेटीवर. फोटोत एक बैल रस्त्याच्या मधोमध उभा होता. तिनं बटण दाबलं आणि शिंगापासून चौकट ओढत आणली. शेपटीपाशी बाण थरथरला आणि टुणकन ढगात गेला. बैल आणि आभाळ एका चौकटीत आले. तिनं पुसून परत आखली. परत ढगात. तिची बोटं स्थिर होती, मी बघत होतो. मी उगाच बोललो होतो.

"सरका," मी म्हणालो आणि तिच्या जागी बसलो. चपला दारात काढल्या होत्या. लॅपटॉपच्या कडेला मनगट टेकलं आणि मुंग्या आल्या.

मी हात काढला. परत टेकला. परत मुंग्या.

"ताई, याला करंट येतोय."

"व्हय."

"व्हय काय? कधीपासून?"

"लई दिस झाले. कूलरला तर जास्त येतोय. आमी चप्पल घालून लावतो."

"मिक्सरला बी हाय," अयोध्याबाई म्हणाली. "त्येला आमी लाकडानं दाबतो. लाइटीची वस्तू म्हनल्यावर थोडं चावनारच की."

"तीन वेळा आलात, मला एकदा तरी सांगायचं होतं!" मी ओरडलो.

"मी सांगणारच होते," दैवशाला म्हणाली. "तुम्ही म्हणाले, बिघाड तेवढा सांगा, बाकीचं रामायण नको."

शिवाय चार्जर काढला की बरं चालतं, हे ती पहिल्याच दिवशी सांगत होती, आणि मीच तिचं वाक्य तोडलं होतं. चाळीस वर्षांचा अनुभव असा काखेत घेऊन मी गावभर हिंडत होतो.

माझ्या पिशवीत एक होल्डर असतो. त्याला दोन वायरी आणि साठचा बल्ब. मी घरातल्या सगळ्या पिना काढायला लावल्या, कुणी कशाला हात लावू नका म्हणून दम दिला, आणि बोर्डात बल्ब लावून बघितला. दोन नेहमीच्या तारांवर लख्ख पेटला. मग एक वायर अर्थिंगच्या भोकात घातली. घरातला चुकार करंट जमिनीत नेऊन सोडणारी ती तिसरी तार. अर्थिंग चांगली असेल तर तिच्यावरही बल्ब तसाच पेटतो. इथं बल्बच्या आतली तार नुसती तांबूस झाली. बल्ब पेटला असं म्हणायला जीभ रेटेना.

"अर्थिंग मेली आहे. चुकार करंटाला जायला वाट नाही, म्हणून तो लॅपटॉपच्या अंगावर बसलाय. तुम्ही बोट लावलं की टचपॅडला तुमचं बोट कुठलं आणि करंट कुठला कळत नाही, म्हणून बाण उडतो. माझ्या दुकानात अर्थिंग चांगली आहे, म्हणून तिथं उडत नाही."

म्हणजे या खेपेला खरोखर अंगणच वाकडं होतं.

हिरवी तार भिंतीतून घराच्या मागं गेली होती. तिथं जमिनीत एक लोखंडी पाईप गाडलेला, शेजारी एक रुंद, झिजलेला दगड. वायरमन बंडप्पानं पंधरा वर्षांमागं तो पाईप गाडला होता, असं अयोध्याबाई म्हणाली. भोवतीची काळी जमीन एवढी भेगाळली होती की माझा पंजा आत गेला असता.

"इथंच का गाडला?"

"आंघुळीचा दगड हाय न्हवं ह्यो. पानी पडत ऱ्हाईल म्हनला बंडप्पा. पडत बी हुतं."

मी त्या दगडाकडं बघत उभा राहिलो. मग मला शरणप्पा आठवला. माझ्या दुकानाची अर्थिंगही भिंतीच्या बुडाशीच आहे, आणि अकरा वर्षं तो तिच्यावर दिवसाला शंभर ग्लासांचं पाणी फेकतोय. मला फार राग आला, पण तो कुणावर काढायचा ते कळेना.

"एक बादली पाणी द्या."

"कशाला?" अयोध्याबाईनं विचारलं.

"जमिनीत ओतायला."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता ही गावातली माणसं बोलावणार. "नळाला चौथ्या दिशी पानी येतंय, मिस्तरी."

दैवशालानं कपडे धुतलेलं पाणी आणलं. दोन बादल्या ओतल्या, वर दोन मुठी खडेमीठ टाकलं. पाणी भेगांत गडप झालं. मी आत येऊन बल्ब परत लावला. तांबडा, मग पिवळा, आणि थोड्या वेळानं खोलीच्या भिंती दिसाव्यात एवढा उजेड पडला. अयोध्याबाई चौकटीला धरून बघत होती.

दैवशालानं लॅपटॉप लावला. बैलाभोवती चौकट आखली. शिंगापासून शेपटीपर्यंत एका दमात. मग सायकल. मग एक म्हातारा आणि त्याचं कुत्रं. ती मागं न बघता आखत सुटली.

"हे किती दिवस टिकंल?" तिनं मधेच विचारलं.

"उन्हाळा आहे. एक दिवस. पाऊस पडेपर्यंत रोज दोन बादल्या घालाव्या लागतील. आणि हा त्रास सुरू कधी झाला म्हणालात?"

"पाडव्यानंतर पंधरा दिवसांनी."

"आणि बाथरूम?"

दैवशालाचं बोट बटणावरून उठलं. पाडव्यालाच बाथरूममध्ये पहिली आंघोळ झाली होती, ते मला तासाभरापूर्वीच कळलं होतं. त्या दिवसापासून मागच्या दगडावर पाणी पडलं नव्हतं. नवीन बाथरूमचं पाणी पुढं, अंगणातल्या शोषखड्ड्यात जात होतं.

"कपडे काय रोज धुवत न्हाय. मी बसते मागं आंघोळीला," दैवशाला पटकन म्हणाली. "दोन दिवसांचा तर प्रश्न हाय."

"तू तरणीताठी. गुमान बस," अयोध्याबाई म्हणाली.

"मग तुम्ही बाथरूममधी मोठ्या टबात बसून करा, आत्या. ते पाणी मी उचलून मागं नेते."

"मी काय म्हैस हाय का, डबक्यात बसाय?"

मी म्हटलं, मी निघतो, माझी एसटी आहे.

शुक्रवारी सकाळी साडेसातला फोन वाजला. दैवशाला होती.

"सर, आत्या पहाटं उठून मागच्या दगडावर बसल्या. लुगडं बांधून. मी नको म्हणाले, हात धरला, तर माझ्यावरच वरडल्या. म्हणाल्या, एवढा जन्म बसले, दोन दिस बसल्यानं मी झिजत न्हाय. मला लई वाईट वाटतंय, सर. कडी लावून आंघोळ करता यावी म्हणून तर ही नोकरी धरली होती मी."

अशा वेळी बोलण्याचा मला सराव नाही.

"बाण उडतो का?" मी विचारलं.

"न्हाय," ती म्हणाली.

"मग चौकटी आखा."

शनिवारी मी दुकानात बसून तीन लॅपटॉप खोलले आणि एकही नीट लावला नाही. दुपारभर फोन आला नाही. माझ्या बायकोनं, चंद्रप्रभानं, डबा पाठवला होता, तो तसाच परत गेला म्हणून तिचा मात्र आला. संध्याकाळी पाचच्या सुमारास शरणप्पा चहा घेऊन आला आणि म्हणाला, "सर, उद्या सुट्टी. तो पाईप बसवून टाकू. तुमच्या भिंतीचं भांडण एकदाचं मिटवू."

"बसवायचा नाही," मी म्हणालो.

"आँ?"

"पाणी आहे तिथंच टाक. रोज टाक. चार ग्लास जास्त विसळत जा. आणि पाईप मला दे."

शरणप्पानं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. त्यानं कारण विचारलं, पण तेवढ्यात फोन वाजला.

"सर, शहाण्णव!" दैवशाला ओरडली. मागून अयोध्याबाईचा आवाज आला, "शंबर का न्हाय म्हणं?"

"शिवानी मॅडम म्हणाल्या, मेंढ्या-शेळ्यांमधी माझी एक बी चूक न्हाय. चुकलं ते सगळं मोटारींचं."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. मग बराच वेळ मी दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन भिंतीच्या बुडाशी असलेली ओल बघत उभा होतो. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. शरणप्पाच्या चुलीचा धूर असणार, तो दुसरा विषय आहे, त्याच्यावर मी अजून अर्ज केलेला नाही.

रविवारी तीस फूट पाईप एसटीच्या टपावर बांधून तेरला नेला. कंडक्टरनं हे काय म्हणून विचारलं, मी म्हणालो लॅपटॉपचा पार्ट आहे. बाथरूमच्या मोरीपासून घराला वळसा घालून पाईप मागच्या दगडापर्यंत नेला. ढाळ बरोबर यायला दोनदा उकरावं लागलं. दैवशाला खोरं मारत होती, मी सूचना करत होतो. पाईपचं तोंड बरोबर बंडप्पाच्या लोखंडी पाईपशी आणून ठेवलं.

"आता बघायचं कसं?" दैवशालानं विचारलं. "बादलीभर पाणी आत ओतू?"

"वतू नगंस," अयोध्याबाई म्हणाली. "वाया जाईल."

तिनं दोरीवरचं लुगडं ओढलं, चुलीवरची ऊन पाण्याची बादली उचलली आणि अंगण ओलांडून गेली. भर बारा वाजता. आम्ही दोघं मागं दगडापाशी उकिडवे बसून पाईपच्या तोंडाकडं बघत राहिलो.

"मिस्तरी," तिकडून हाक आली. "हाय का तितं?"

"आहे," मी म्हणालो.

घरापलीकडं कडी लागल्याचा आवाज आला. बराच वेळ काही नाही. आज ती पाठ चोळत असावी. मग पाईपमध्ये खळखळलं, आणि साबणाच्या फेसासकट पाणी आलं.